वरच्या मजल्यांवरचं साचलेलं पाणी: भक्तनिवासाच्या नळांबद्दल एक सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पंचवटीत एका न्यासाचं भक्तनिवास आहे: तळमजला अधिक दोन मजले, 24 खोल्या. गच्चीवर 5,000 लिटरच्या दोन टाक्या, खाली 15,000 लिटरचा हौद आणि सोलरच्या 500 लिटरच्या दोन टाक्या. पाणी महापालिकेचं, कमी पडलं की बोअरचं. श्रावण आणि दिवाळीची सुट्टी सोडली तर वरचे दोन्ही मजले बंद असतात. खालच्या चार खोल्या आणि स्वयंपाकघर तेवढं वर्षभर चालू. उतरायला आलेल्या एका डॉक्टरांनी विचारलं, ‘लिजिओनेलासाठी तुम्ही काय करता?’ देखभाल बघणारे काका म्हणतात, ‘खोल्या उघडायच्या आदल्या दिवशी टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो, सगळे नळ सोडून देतो, झालं.’ विश्वस्तांना विचारायचं आहे ते हेच, की एवढं पुरतं का.

पुरत नाही. पण काकांचं टीसीएल चुकलेलं नाही, त्यांचा ‘आदला दिवस’ चुकला आहे.

लिजिओनेला हा मुळात नदी-तळ्यातला जिवाणू. शुद्धीकरण केंद्रातून आलेल्या पाण्यातही तो नगण्य संख्येने असू शकतो, आणि तेवढ्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते पाणी पाइपात पडून राहिल्यावर. क्लोरीन उडून जातो, पाइपाच्या आतल्या अंगाला बुळबुळीत थर धरतो, त्या थरात अमीबा वाढतात आणि लिजिओनेला त्या अमीबांच्या पोटात शिरून वाढतो. तिथे त्याला क्लोरीन सहजी गाठू शकत नाही. म्हणून आठ महिन्यांनी एक दिवस जोरदार डोस दिला की पाण्यात तरंगणारे मरतात, थरातले बरेचसे तसेच राहतात, आणि पुढच्या काही आठवड्यांत, नेमक्या यात्रेकरूंच्या गर्दीत, संख्या पुन्हा वर जाते.

आजार होतो तो पाणी श्वासात गेल्याने. तुषारांतून सूक्ष्म थेंब फुप्फुसात जातात आणि न्यूमोनिया होतो. माणसाकडून माणसाला तो पसरत नाही. 1976 मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं होतं. त्यानंतरच्या साथीत 34 जण दगावले आणि जानेवारी 1977 मध्ये हा जिवाणू सापडला. ‘लिजन’ हे त्या सैनिकांच्या संघटनेचं नाव, त्यावरून हा लिजिओनेला. ‘आमच्याकडे प्यायला आरओ आहे’ हे उत्तर इथे लागू पडत नाही ते याच कारणाने. काळजी करायची ती शॉवरची, संडासातल्या जेट स्प्रेची, दिवाणखान्यातल्या कूलरची, बागेतल्या फवाऱ्याची. पन्नाशीपुढचे, विडी-सिगारेट ओढणारे, मधुमेह, दमा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणारे, स्टेरॉइड किंवा कॅन्सरची औषधं चालू असलेले लोक यात जास्त सापडतात. भक्तनिवासात उतरणाऱ्यांची यादी याहून वेगळी नसते.

आता तापमान. 20 अंश सेल्सिअसच्या खाली हा जिवाणू वाढत नाही. 25 ते 45 हा त्याचा सुखाचा टप्पा, त्यातही 35 च्या आसपास तो सर्वांत जोमात असतो. 50 अंशांवर शंभरातले नव्वद मरायला साधारण दोन तास लागतात, 60 अंशांवर दोन मिनिटं पुरतात. युरोपातल्या मार्गदर्शिकांत ‘थंड पाणी 20 च्या खाली ठेवा’ असं ठळक लिहिलेलं असतं. नाशकात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ते आपोआप होतं, पण एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला कोमट लागतं, म्हणजे ते त्या सुखाच्या टप्प्यातच असतं. तापमानाच्या जोरावर थंड पाणी सुरक्षित ठेवणं आपल्याकडे जमणारं नाही. आपल्या हातात दोनच गोष्टी उरतात: पाणी हलतं ठेवायचं आणि शेवटच्या नळापर्यंत क्लोरीन पोचवायचा. टाकीवर सावली करा, फिकट रंग द्या, उघड्यावरच्या पाइपांना इन्सुलेशन गुंडाळा. त्याने दोन-चार अंश उतरतात आणि पाइपही जास्त टिकतो.

टाक्यांचा हिशेब

चार खोल्या आणि स्वयंपाकघर मिळून दिवसाला साधारण 1,200 लिटर लागतात असं धरू. साठा 15,000 अधिक 10,000, म्हणजे 25,000 लिटर. भागाकार केला तर 21 दिवस. आज नळाला येणारं पाणी तीन आठवड्यांपूर्वी महापालिकेने सोडलेलं आहे. गंगापूर धरणाचं पाणी केंद्रातून निघताना त्यात क्लोरीन असतो, पण तीन आठवडे हौदात आणि उन्हातल्या टाकीत काढल्यावर त्यातलं काही उरत नाही. साठा एक दिवसाचा असावा हा जुना दंडक आहे. नळाला रोज ठरल्या वेळीच पाणी येतं तिथे एक दिवसावर भागवणं कठीण, हे मान्य. पण तीन दिवसांवर आणणं सहज शक्य आहे.

हौदातला फ्लोट खाली उतरवून घ्या, म्हणजे हौद 2,000 लिटरच्या पुढे भरणारच नाही. गच्चीवरच्या दोनपैकी एक टाकी बंद हंगामात पूर्ण तोडा: आत येणारा आणि बाहेर जाणारा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, वॉश-आउट (तळाचा निचऱ्याचा कॉक) उघडून टाकी रिकामी करा, पुसून कोरडी करा आणि झाकण घट्ट लावा. अर्धी भरलेली टाकी ‘असू दे, लागली तर’ म्हणून ठेवू नये. दुसरी टाकी 1,500 लिटरवर चालवा. 3,500 भागिले 1,200, तीन दिवस.

दोन्ही टाक्या चालू असतात तेव्हाही एक गोष्ट बघा. पुष्कळ ठिकाणी पाणी पहिल्या टाकीत पडतं, घरात जाणारा पाइपही पहिल्याच टाकीतून निघतो आणि दुसरी टाकी खालच्या जोड-पाइपाने नुसती लटकलेली असते. तिची पातळी वर-खाली होते म्हणून ती वापरात आहे असं वाटतं, पण आतलं पाणी बदलतच नाही. प्लंबरकडून जोडणी अशी करून घ्या की पाणी पहिल्या टाकीत एका बाजूने पडेल आणि घरात दुसऱ्या टाकीच्या विरुद्ध बाजूने जाईल. दोन टी (तीन तोंडांचे जोड) आणि दोन व्हॉल्व्हचं काम आहे.

बोअरचं पाणी हौदात मिसळतं, तिथे आणखी एक गोम आहे. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो. उलट त्यात लोह किंवा सेंद्रिय द्रव्य असेल तर महापालिकेच्या पाण्यात उरलेला क्लोरीनही ते खाऊन टाकतं. शिवाय पाण्याचा सामू (पीएच) चढा असेल तर क्लोरीनचं काम मंदावतं. सामू 7.5 असताना क्लोरीनचा निम्मा भाग कामाच्या रूपात असतो, 8 ला जेमतेम पाव. त्यामुळे बोअरचं पाणी घेतलं त्या दिवशी गच्चीच्या टाकीत डोस द्यायचाच. 5,000 लिटरला 0.5 पीपीएम (लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम) म्हणजे 2.5 ग्रॅम क्लोरीन. 10 टक्क्यांचं ताजं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर 25 मिलिलिटर. कॅन चार महिने उन्हात पडला असेल तर त्यातली ताकद निम्मी झाली असं समजा आणि डोस मोजून ठरवा. मोजायचं ते टाकीवर नाही, दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या नळाला. तिथे किमान 0.2 पीपीएम हवा.

ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन मोजायची चाचणी, तुमच्याकडच्या माणसांना माहीत असेलच. त्यात एक चूक हमखास होते. थेंब टाकल्यावर रंग पहिल्या पाच-दहा सेकंदांतच बघायचा. बोलत बोलत दोन मिनिटांनी बघितला तर संयुक्त (दुसऱ्या द्रव्यांशी जोडलेल्या, कमी कामाच्या) क्लोरीनचाही पिवळा रंग येतो आणि आकडा फुगतो. शक्य असेल तर डीपीडीच्या गोळ्यांचा किट घ्या, तो जास्त विश्वासाचा. मात्र क्लोरीन फारच जास्त असेल तर डीपीडीचा गुलाबी रंग उडून पाणी बिनरंगी दिसतं आणि ‘क्लोरीन नाही’ असा गैरसमज होतो. जोरदार डोसच्या वेळी हे लक्षात ठेवा.

मेलेले फाटे

जुन्या इमारतीत प्रत्येक दुरुस्तीनंतर एखादा फाटा मागे राहतो. कुठे गिझर काढून डमी (बूच) मारलेली असते, कुठे वॉशिंग मशिनसाठी काढून ठेवलेला पॉइंट कधी वापरलाच गेलेला नसतो, कुठे गच्चीवरच्या जुन्या मोरीचा नळ गंजून बसलेला असतो. या फाट्यांत पाणी कायमचं उभं राहतं आणि तिथली वाढ चालू लाइनीत झिरपत राहते. कितीही नळ सोडा, हे फाटे धुतले जात नाहीत, कारण त्यांच्या टोकाला वाटच नसते. फाटा टोकाला बंद करून उपयोग नाही, तो मुख्य लाइनीच्या टी-जोडापाशीच कापायचा. टी काढून सरळ जोड घातला तर उत्तम. पाइपाचा नकाशा नसेल तर एक दिवस प्लंबरला सोबत घेऊन हाताने काढा. हे काम एकदाच करायचं आहे आणि माझ्या मते सगळ्या खर्चात सर्वाधिक मोलाचं हेच आहे.

दर आठवड्याचं काम

बंद मजल्यांचं पाणी तोडून पाइप रिकामे ठेवावेत की भरलेले ठेवून दर आठवड्याला सोडावेत, हा प्रश्न नेहमी येतो. पाइप पूर्ण रिकामा कधीच होत नाही. एल्बोत (पाइपाच्या वळणांत) आणि आडव्या तुकड्यांत ओल राहते, थर जिवंत राहतो आणि पुन्हा पाणी आलं की जोमाने वाढतो. म्हणून जागेवर माणूस असेल तर भरलेले ठेवा आणि आठवड्यातून एकदा न चुकता सोडा. माणूसच नसेल तर मजल्याचा व्हॉल्व्ह बंद करून पाणी काढून टाका, आणि पुन्हा उघडताना खाली सांगितलेली पूर्ण प्रक्रिया करा. तुमच्याकडे काका आहेत, त्यामुळे पहिला पर्याय.

डेंगीसाठी आरोग्य खातं जो ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतं, त्याच दिवसाला हे काम जोडा. दोन्हींचं गणित आठवड्याचंच आहे आणि एकाच फेरीत दोन्ही होतं.

नळ किती वेळ सोडायचा, हे पाइपात मावणाऱ्या पाण्यावर ठरतं. 40 मिलिमीटर आतला व्यास असलेल्या पाइपात मीटरमागे सव्वा लिटर मावतं, 20 मिलिमीटरच्यात 0.3 लिटर, अर्ध्या इंचीत 0.2 हून कमी. गच्चीवरून खाली येणारी 40 ची लाइन 12 मीटर धरली तर 15 लिटर, पुढचा फाटा 8 मीटर म्हणजे अडीच लिटर, खोलीतला अर्ध्या इंचीचा तुकडा पाऊण लिटर. एकूण 18 लिटर. बेसिनचा नळ मिनिटाला 6 लिटर देत असेल, तर टाकीतलं ताजं पाणी नळाला यायलाच तीन मिनिटं लागतात. अर्धा मिनिट नळ सोडून ‘पाणी स्वच्छ आलं’ म्हणणारा माणूस पाइपातलं शिळं पाणीच बघत असतो. प्रत्येक उभ्या लाइनीवरच्या पहिल्या खोलीत पाच मिनिटं, त्याच लाइनीवरच्या पुढच्या खोल्यांत दोन-दोन मिनिटं. आधी थंड, मग गरम. 20 खोल्यांना मिळून 700-800 लिटर जातील. ते बादल्यांत धरून जिने आणि फरशी धुवायला वापरा. टाकीचं पाणी बदलायलाही त्याने हातभार लागतो.

नळ सोडणाऱ्यालाच तुषार सगळ्यात जास्त लागतात. एन-95 मास्क लावूनच हे काम करायचं, खिडकी उघडी ठेवायची आणि तुषार उडूच द्यायचे नाहीत. शॉवरसाठी पाच किलो पिठाची रिकामी पिशवी उत्तम. दुधाची लहान पडते. पिशवी शॉवरच्या तोंडावर चढवायची, दांड्याशी दोन वेढे देऊन रबर बँड लावायचा आणि खालचा एक कोपरा कात्रीने बोटभर कापायचा. कॉक सावकाश उघडला की पिशवी फुगते, शॉवरच्या सगळ्या धारा आतल्या आत आपटतात आणि कापलेल्या कोपऱ्यातून एकच जाड धार बादलीत पडते. जेट स्प्रे असेल तर त्याचं तोंड पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून दाबायचं. बेसिनच्या नळाला जाळी असेल तर ती आधी काढायची.

जेट स्प्रेकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्याच्या लवचीक नळीत आतून रबर असतं. रबरावर थर पटकन धरतो आणि नळीत दिवसरात्र पाणी दाबाखाली भरलेलं राहतं. नळीचं टोक काढून आत बोट फिरवा. बोट काळं-बुळबुळीत निघालं तर धुवत बसू नका, नळी बदला. बंद हंगामात या नळ्या काढून आधीच्या कॉकवर टोपी लावून ठेवणं सगळ्यात सोपं. शॉवरच्या जाळ्या तीन महिन्यांतून एकदा काढा, लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून दोन तास बुडवा आणि ब्रशने घासा. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार म्हणजे जिवाणूंना आयती वसाहत.

गरम पाणी, म्हणजे खरं तर कोमट पाणी

या इमारतीत सर्वांत धोक्याची जागा माझ्या मते सोलरची टाकी आहे, आणि तीही पावसाळ्यात. मार्च-एप्रिलमध्ये सोलरचं पाणी 60 च्या बरंच वर जातं, तेव्हा चिंता नाही. जून ते सप्टेंबर ढग असतात, टाकी दिवसेंदिवस 35-40 अंशांवर रेंगाळते, आणि तुमची गर्दी येते नेमकी श्रावणात. 2027 मधली सिंहस्थाची अमृतस्नानंही ऑगस्ट-सप्टेंबरचीच. लिजिओनेलासाठी इनक्युबेटर बांधायला सांगितलं असतं तर याहून वेगळं काही बांधलं नसतं.

उपाय विजेच्या बॅकअप हीटरचा. 500 लिटर पाणी 35 वरून 60 वर न्यायला साधारण साडेचौदा युनिट वीज लागते. 3 किलोवॉटचा हीटर असेल तर पाच तास. मजले बंद असताना आठवड्यातून एकदा, नळ सोडण्याच्या आदल्या रात्री, टाकी 60 वर नेऊन तासभर तिथे ठेवा. माणसं राहायला असतील तेव्हा रोज. हीटर टाकीत कुठे बसवला आहे ते बघा. तो मध्यावर असेल तर फक्त वरची अर्धी टाकी तापते, तळचं पाणी कोमटच राहतं आणि गाळही तिथेच असतो. अशा टाकीचा हीटर तळाशी घ्यावा, नाहीतर छोट्या पंपाने तळचं पाणी वर फिरवावं. वर्षातून दोनदा तळाचा ड्रेन उघडून गाळ काढायचा.

त्यानंतर नळ. गरम नळ सोडल्यावर एका मिनिटात 50 अंश यायला हवेत. 300-400 रुपयांचा डिजिटल थर्मामीटर यासाठी पुरतो. दुसऱ्या मजल्यावर तीन मिनिटं कोमटच येत असेल तर पाइपाला इन्सुलेशन नाही किंवा लाइन फार लांब आहे. परतीची लाइन (गरम पाणी टाकीकडे परत फिरवणारी) आणि पंप बसवता आला तर उत्तम. नाही तर बंद हंगामात सोलरची लाइन तळमजल्यापुरती ठेवून वरच्या खोल्यांना 3 लिटरचे इन्स्टंट गिझर द्यावेत, साठाच नको. खोल्यांत 15-25 लिटरचे गिझर असतील तर थर्मोस्टॅट 60 वर हवा. वीज वाचते म्हणून 45 वर ठेवलेला गिझर म्हणजे तीच कोमट टाकी, फक्त छोटी. बंद गिझर पुन्हा सुरू करताना आधी पाणी भरून गरम नळातून सलग धार येऊ द्या, मगच स्विच. कोरडा हीटर क्षणात जळतो. सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका. तो गिझरमधल्या मॅग्नेशियमच्या दांड्यावर गंधकाचे जिवाणू वाढल्याचा असतो. टाकी रिकामी करून, पुन्हा भरून तापवली की जातो. पण पाणी किती दिवस उभं होतं, हे तो वास सांगून जातो.

60 अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. आठवड्याची तापवणी चालू असताना खोलीत पाहुणा नको, दारावर पाटी हवी. राहत्या खोल्यांत शॉवरच्या अगदी जवळ मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवा, लांब नको, कारण त्याच्या पुढचा तुकडा कायम कोमट राहतो. आणि गरम लाइनीत कुठे यूपीव्हीसीचा तुकडा घुसवलेला असेल तर तो आधी बदला. गरम पाण्याला सीपीव्हीसी किंवा पीपीआरच.

हंगामाआधी उघडताना

आदल्या दिवशी नाही, चार आठवडे आधी. श्रावणासाठी म्हणजे आषाढ लागतो त्या सुमारास. चार आठवडे का, ते पुढे तपासणीत येईल.

आधी हौद आणि टाक्या घासून घ्या. हौदात कुणीही एकट्याने उतरायचं नाही. झाकण बराच वेळ उघडं ठेवून पंख्याने हवा खेळवा, वर एक माणूस दोर घेऊन उभा असू द्या, मोटरची वीज मेन स्विचवरून बंद करा आणि पाण्यात वायर सोडलेला दिवा वापरू नका. हौदाच्या भिंतीला तडा असेल आणि पलीकडे सेप्टिक टँक किंवा ड्रेनेज असेल, तर पुढचं सगळं काम थांबवून आधी ते दुरुस्त करा.

गाळ काढल्यावर सगळ्या शॉवरच्या आणि नळांच्या जाळ्या काढा, नाहीतर सुटलेला कचरा त्यांत अडकेल. साध्या पाण्याने वरून खाली, जवळच्या नळापासून लांबच्या नळापर्यंत लाइनी धुवा. आरओ, पाण्याचा कूलर, सॉफ्टनर आणि सोलर बायपास करा. जोरदार क्लोरीनने आरओचा पडदा खराब होतो आणि सोलरच्या स्टीलच्या टाकीला गंज लागू शकतो. सोलरसाठी उष्णताच वापरायची.

मग डोस. 50 पीपीएम एक तास, किंवा 20 पीपीएम दोन तास. टाक्या पूर्ण भरायची गरज नाही, सगळ्या लाइनी भरून उरेल एवढंच पाणी घ्या. 2,000 लिटरला 50 पीपीएम म्हणजे 100 ग्रॅम क्लोरीन. टीसीएल पावडर 25 टक्क्यांची धरली तर 400 ग्रॅम, 10 टक्क्यांचं हायपोक्लोराइट असेल तर एक लिटर. गोणी उघडी पडलेली असेल तर 25 टक्केही धरू नका. पावडर थेट टाकीत ओतायची नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवा, अर्धा तास निवळू द्या आणि वरचं पाणी तेवढं टाकीत सोडा. तळाचा चुना गेला तर पाइपात आणि शॉवरमध्ये तोच बसतो. हातमोजे, चष्मा, मास्क हवेतच. आणि त्या दिवशी संडास धुवायचं ॲसिड त्या मजल्यावर आणायचंच नाही. ॲसिड आणि टीसीएल एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

एकेक नळ उघडा, क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, बंद करा. सगळे नळ झाले की घड्याळ लावा. वासावर विसंबू नका, मोजा. साधा किट एवढा मोठा आकडा दाखवत नाही. 5 मिलिलिटर नमुन्यात 95 मिलिलिटर आरओचं पाणी मिसळा आणि येणाऱ्या आकड्याला 20 ने गुणा. 2.5 आला तर 50. तासाभराने लांबच्या नळाला 30 च्या खाली उतरला असेल तर पाइपातल्या थराने क्लोरीन खाल्ला. पुन्हा डोस द्या. दोनदा देऊनही उतरत असेल तर कुठेतरी मेलेला फाटा किंवा गंजलेला जीआय (लोखंडी) पाइप शिल्लक आहे.

नंतर सगळं पाणी काढून साध्या पाण्याने धुवा, नळाला 1 पीपीएमच्या खाली येईपर्यंत. हे तीव्र पाणी झाडांना घालू नका, सेप्टिक टँकमध्ये सोडू नका, तिथले उपयोगी जिवाणू मरतात. पावसाळी गटारातही नको, पंचवटीतली गटारं शेवटी गोदावरीकडेच उतरतात. एका टाकीत साठवून त्यात सोडियम थायोसल्फेट (क्लोरीन मारणारं रसायन) घाला, किटने शून्य आलं की मग सोडा.

गरम लाइनीची तापवणी वेगळ्या दिवशी. प्रत्येक गरम नळाला 60 अंशांचं पाणी पाच मिनिटं वाहायला हवं. 24 नळ, प्रत्येकी 30 लिटर, म्हणजे 720 लिटर. दोन टाक्यांत 1,000 लिटर आहेत खरे, पण गरम पाणी निघतं तसं तळातून थंड शिरतं आणि अर्ध्यातच तापमान पडतं. म्हणून एका दिवशी एक मजला.

तपासणी

गावोगावी वापरतात ती काळी पडणारी एचटूएसची बाटली किंवा कोलिफॉर्मचा अहवाल मैल्याचं प्रदूषण सांगतो. लिजिओनेलाबद्दल तो काहीच सांगत नाही. ‘पाणी पिण्यास योग्य’ असा दाखला आणि लिजिओनेला, दोन्ही एकाच नळाला असू शकतात. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला फोन करून ‘लिजिओनेला कल्चर करता का’, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून मोजता का, एवढंच स्पष्ट विचारा. नमुना एक लिटरचा, निर्जंतुक बाटलीत, आत थायोसल्फेट हवं, नाहीतर बाटलीतला क्लोरीन वाटेतच जिवाणू मारतो आणि अहवाल खोटा चांगला येतो. नमुना नळ न सोडता, पहिल्या धारेचाच घ्यायचा. दुसऱ्या मजल्यावरचा सर्वांत लांबचा शॉवर, तळमजल्याचा एक, सोलरमधून निघणारा पाइप आणि गच्चीची टाकी, असे चार पुरेत.

डोस दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी घेतलेला नमुना निरर्थक. दोन ते सात दिवस जाऊ द्या. कल्चर वाढायला दहा दिवसांच्या आसपास लागतात. त्यात दोष निघाला तर दुरुस्ती, पुन्हा डोस, पुन्हा नमुना. चार आठवडे कमीच पडतात. लिटरमागे 100 वसाहतींच्या खाली असेल तर चालू ठेवा. 100 ते 1,000 मध्ये असेल तर आठवड्याचं काम खरंच होतं का ते तपासून पुन्हा नमुना घ्या. 1,000 च्या वर गेला तर त्या लाइनीवरचे शॉवर बंद, प्रक्रिया पुन्हा, आणि अहवाल येईपर्यंत पाहुण्यांना बादली-तांब्या. तांब्याने अंघोळ केली तर तुषार शॉवरपेक्षा कितीतरी कमी उडतात, आपल्या जुन्या सवयीचा हा एक फायदाच.

नोंदवही साधी ठेवा: तारीख, खोली, थंड पाण्याचं तापमान दोन मिनिटांनी, गरम एका मिनिटाने, शेवटच्या नळाचा क्लोरीन, सही. सगळ्या खोल्यांना आठवडाभर एकच आकडा दिसला, तर तो आकडा खुर्चीत बसून लिहिला आहे असं समजा.

एखादा पाहुणा घरी गेल्यावर न्यूमोनियाने आजारी पडल्याचं कळलं, आणि मुक्कामाला दोन ते चौदा दिवस झाले असतील, तर त्याच्या डॉक्टरांना भक्तनिवासातल्या शॉवरबद्दल सांगायला सांगा. न्यूमोनियाला नेहमी देतात त्या पेनिसिलीन गटातल्या औषधांचा यावर उपयोग होत नाही, वेगळ्या गटाची अँटिबायोटिक्स लागतात. लघवीची झटपट तपासणी प्रामुख्याने एकाच उपप्रकारासाठी असते, त्यामुळे ती निगेटिव्ह आली तरी संशय संपत नाही. इकडे त्या खोलीला कुलूप लावा. घाईने शॉवर घासू नका, टीसीएल टाकू नका. आधी नमुना, मग सफाई.